बिनखुर्च्यांचा हॉल

एस्किल राव्न हा माणूस एका खुर्चीमुळे मोठा झाला आणि जन्मभर त्या खुर्चीचा दुस्वास करत राहिला. वय नव्वदीला टेकलेलं, पण स्टुडिओत लहानथोर सगळे त्याला नुसतं एस्किल म्हणत, डेन्मार्कची रीतच तशी. तेव्हा आपणही त्याला अरेतुरेच करू.

डेन्मार्कमधल्या एका मच्छीमार गावात सुतारकाम शिकलेला हा पोरगा साठच्या दशकात मिशिगनला आला, ॲन आर्बरला शिकवू लागला, आणि एका हिवाळ्यात त्यानं ओक लाकडाची, कागदी दोरीनं विणलेल्या बैठकीची एक खुर्ची केली. कारखानदारानं तिला तिथल्या नदीचं नाव दिलं, ह्यूरॉन. ती खुर्ची वकिलांच्या ऑफिसात गेली, दंतवैद्यांच्या वेटिंग रूममध्ये गेली, सिनेमातल्या श्रीमंत घटस्फोटित बायकांच्या दिवाणखान्यात गेली. पुढं त्यानं तीन लायब्ररी बांधल्या, एक शाळा, एक छोटं चर्च, एक कोर्ट. त्यातलं निम्मं त्याच्या डोळ्यांदेखत पाडलं गेलं. शाळा पाडायची की नाही हे ठरवणाऱ्या मीटिंगला तो स्वतः हजर होता. सगळे मेंबर ह्यूरॉन खुर्च्यांवर आरामात रेलून बसले होते, आणि बसल्या बसल्या त्यांनी ठराव पास केला. "लोक माझ्या खुर्चीत बसतात आणि माझी इमारत विसरतात," असं तो त्यानंतर येईल त्याला ऐकवायचा. विनोद म्हणून सांगायचा, पण सांगताना हसायचा नाही.

प्रणिता मेश्राम नागपूरहून मास्टर्स करायला आली आणि शिकता शिकता त्याच्या स्टुडिओत चिकटली ती चिकटलीच. तिच्यासमोर माणसं आली, नाव कमावून न्यूयॉर्कला गेली, शेवटी एस्किल आणि ती असे दोघंच उरले. एस्किलची कामाची पद्धत जगावेगळी. लहान मापात तो काही काढतच नसे. भिंतीवर भलामोठा कागद ताणायचा, तळाशी जमिनीची रेषा मारायची आणि त्या रेषेवर माणूस खऱ्याखुऱ्या उंचीचा काढायचा. त्याला समोर जिवंत माणूस बसलेला लागायचा. मग पोस्टमन, प्लंबर, शेजारची बाई, जो हाती लागेल त्याला तो बसवून ठेवी. प्रणितानं पट्टी लावून मापं सांगायची आणि त्यानं रेघ ओढायची. हे काम तिला मनापासून आवडायचं. आपला हात त्याच्या रेघेत आहे असं तिला वाटायचं आणि त्यात काही खोटं नव्हतं.

आता तिची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. स्टुडिओतल्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला विचारलं, तू हिंदू का? ती म्हणाली, नाही, बुद्धिस्ट. त्यावर समोरच्या चेहऱ्यांवर जो आनंद पसरला तसा तिनं कधी पाहिला नव्हता. पुण्यात शिकताना हाच शब्द उच्चारला की घरमालक म्हणायचा, खोली कालच गेली. इथं लोक आवाज खाली आणत, मेडिटेशन कसं करतेस विचारत, किती शांत आहेस म्हणत. ती शांत नव्हती, बिचकलेली होती. खुलासा करावा तर आधी जात काढावी लागली असती. आजोबांच्या वाट्याला गावात कुठली कामं होती ते सांगावं लागलं असतं, बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी नागपुरात धम्म घेतला तो कशातून सुटायला, हे सांगावं लागलं असतं. आणि ते ऐकून समोरच्याच्या डोळ्यांत कीव आली असती. कीव तिला नको होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी तिनं ती झाकून ठेवली. त्यात फसवणूक आहे असं तिला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मिळालेला मान कुणाला सोडवला असता?

तिचे वडील ईश्वर मेश्राम जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. नागपुरात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. बायको गेल्यावर ते लेकीकडे ॲन आर्बरला राहायला आले. गुरुजी लहान असताना गावच्या शाळेत त्यांना उंबऱ्याबाहेर बसवत. धडे आत चालत आणि ते बाहेर मातीत बसून ऐकत. त्यांचे वडील कुणाच्याही अंगणात गेले की खाट रिकामी असली तरी खाली बसत. म्हणून पहिल्या पगारात गुरुजींनी घेतली ती खुर्ची. नात्यातली माणसं हसली, लग्नाचा पत्ता नाही आणि खुर्ची घेतो म्हणाली. पण त्या दिवसापासून गुरुजी कुठल्याही माणसासमोर जमिनीवर बसले नाहीत. लग्नाची पंगत असो, कुणाच्या घरची बैठक असो, ते खुर्ची मागून घेत, नसली तर उभे राहत. विहारात मात्र ते मांडी घालून बसत. "तिथं मी बसतो," ते म्हणायचे. "तिथं मला कोणी बसवत नाही."

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आंबेडकरी मंडळींनी ओक ट्री रोडपासून जवळच एक बंद पडलेला दवाखाना विकत घेतला होता. तिथं विहार, लायब्ररी आणि सभेचा हॉल असं एकत्र काहीतरी करायचं होतं. कमिटीचा सेक्रेटरी धम्मदीप गजभिये यानं प्रणिताला फोन केला, आणि तिच्या मनात एकदम आलं, हे काम एस्किलनं केलं तर? घाबरत घाबरतच तिनं विचारलं. म्हातारा चक्क उठून बसला. फी घेणार नाही म्हणाला. पुढचे कित्येक महिने त्याचं दुखणंखुपणं जणू पळालं. गौतम बुद्धावरची पुस्तकं मागवून झाली, जपानमधल्या देवळांचे फोटो भिंतीवर लागले. एक दिवस त्यानं तिला मॉडेल दाखवलं. फिक्या लाकडाचा लांबरुंद हॉल, खाली आणलेल्या खिडक्या, त्यातून जमिनीवर आडवा येणारा प्रकाश. आणि त्या प्रकाशात छोट्या छोट्या लाकडी बाहुल्या, सगळ्या जमिनीवर बसलेल्या. हॉलमध्ये एकही खुर्ची नव्हती.

"साठ वर्षं खुर्च्या केल्या," तो इंग्रजीत, आपल्या जड उच्चारात म्हणाला. "आता मला एक खोली अशी करायची आहे की जिला खुर्चीची गरजच नाही. ही खोली कुणी विसरणार नाही, प्रणिता. बसायला तिच्याशिवाय दुसरं काही असणारच नाही."

खोली सुंदर होती. प्रणिताला आर्किटेक्ट म्हणून ते दिसत होतं आणि बाबा इथं बसणार नाहीत, हे गुरुजींची लेक म्हणून कळतही होतं. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न पाहिलेलं समाधान होतं. बघू, कमिटी काय म्हणते ते, असं तिनं स्वतःला सांगितलं. ज्याला आपण स्वतः नाही म्हणू शकत नाही त्याला दुसऱ्या कुणीतरी नाही म्हणावं, ही आशा माणसाला फार महागात पडते.

एस्किलला प्रवास झेपणारा नव्हता. मॉडेल घेऊन ती आणि गुरुजी न्यू जर्सीला गेले. धम्मदीप विमानतळावर घ्यायला आला, "जय भीम काका, फ्लाइट ओके होती ना?" म्हणत त्यानं बॅग हातातून घेतली. कमिटीची माणसं त्याच्या बेसमेंटमध्ये जमली. प्रणितानं मॉडेलवरचं कापड काढलं तेव्हा दोनतीन जणांनी फोन पुढं करून फोटो काढले. मग गुरुजी वाकले, चष्मा वर केला आणि बराच वेळ आत पाहत राहिले.

"खुर्च्या कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"खुर्च्या नाहीत बाबा. कॉन्सेप्टच तसा आहे. सगळे खाली, एकाच लेव्हलला."

"सगळे?" गुरुजींनी एका टोकाच्या लाकडी चौथऱ्याकडे बोट केलं. त्याच्यावर एकच बाहुली उभी होती. "मग हा कोण?"

"तो स्पीकर."

"म्हणजे एक वर आणि बाकीचे खाली."

रिटायर्ड नर्स असलेल्या कमलाकाकूंनी आपली अडचण मांडली. "माझे दोन्ही गुडघे रिप्लेस केलेत बाई. मी तिथं खाली बसले तर मला उठवायला नाइन वन वनला कॉल करून ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल." लोक हसले. धम्मदीपनं मधे पडून सांगितलं की राव्न फेमस आहे, फ्री करतोय, त्याचं नाव लागलं तर डोनेशन मिळेल. गुरुजींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. शिक्षकाची सवय, कुणाला मधे तोडत नसत.

"हे बघ धम्मदीप," ते म्हणाले, "बुद्धासमोर आपण खाली बसतो ते आपल्या मर्जीनं. ती जागा असू दे. पण सभेला, मीटिंगला, पोरांच्या क्लासला खाली बसायला लावणारं घर आपण आपल्याच पैशानं बांधायचं? इथवर येऊन? त्या साहेबांना राग येऊ दे, पण मी ह्याला हो म्हणणार नाही."

ठरलं मग. वंदनेची जागा मोकळी ठेवायची आणि बाकी हॉलभर खुर्च्या. "प्रणिताताई, यू हॅव टू टेल हिम," धम्मदीप निघताना म्हणाला. "सिंपल चेंज आहे यार, काही इश्यू नाही होणार."

प्रणिता परत आली तेव्हा एस्किलची खाट स्टुडिओत आणून टाकलेली होती. हृदय थकत चाललंय, आता फक्त त्रास कमी करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाकात ऑक्सिजनची नळी आणि मांडीवर ड्रॉइंग बोर्ड. ती आत आल्या आल्या त्यानं विचारलं, "काय म्हणाले?"

तिनं वाटभर वाक्यं जुळवली होती. एस्किल, खुर्ची ही आमच्यासाठी वेगळी वस्तू आहे, अशी सुरुवात करायची होती. पण निकालाच्या दिवशी मुलं पाहतात तसा तो तिच्याकडे पाहत होता.

"आवडलं त्यांना," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. कडेनं पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. "थँक यू," तो म्हणाला. प्रणिताला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली, आणि तरीही ती काही बोलली नाही.

घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. एस्किलला अजून सांगितलेलं नाही हे धम्मदीपला कळवू नका, म्हणून तिनं त्यांना विनवलं. एस्किलचे थोडे दिवस उरलेत, ते गेले की आपण खुर्च्या टाकू, कुणाचंच काही बिघडत नाही. गुरुजींनी विचार केला आणि मान हलवली. "मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा," ते म्हणाले. "पण तू सांगायला पाहिजे होतंस."

इथं हे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण एस्किल कामाचा माणूस होता. खिडक्यांची उंची अजून ठरायची होती आणि ती अंदाजानं ठरवणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची नजर नेमकी कुठं येते, ते त्याला खऱ्या मापात काढायचं होतं. तोच शेवटचा कागद राहिला होता.

"तुझे वडील येतील का?" त्यानं विचारलं. "बौद्ध आहेत, वय झालेलं आहे, जन्मभर जमिनीवर बसत आले असतील. मिशिगनमध्ये मला असा दुसरा माणूस कुठून मिळणार?"

नाही म्हणायला एवढी आयती संधी पुन्हा आली नसती. बाबांचे गुडघे दुखतात, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "विचारते."

गुरुजी स्वयंपाकघरात चहा करत होते. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला.

"त्यांना सांग, मी खुर्चीत बसतो. खुर्चीतला काढा म्हणावं."

"बाबा, त्यांना खाली बसलेलंच पाहिजे. खिडकीसाठी."

"तू अजून सांगितलं नाहीसच त्यांना."

"आता सांगून काय करू बाबा? ते तसेच जातील, मनात खिळा घेऊन. माझे गुरू आहेत ते. ह्या देशात माझं जे काही आहे ते त्यांच्यामुळं आहे."

"आणि माझं?" गुरुजींनी विचारलं. मग ते विचारल्याचं त्यांनाच बरं वाटलं नसावं. चहा गाळला, कप तिच्यासमोर ठेवला आणि स्वतःचा हातात धरून खिडकीपाशी उभे राहिले. बाहेर बर्फ साचलेलं होतं. "किती वेळ लागेल?" त्यांनी तिच्याकडे न पाहता विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कडक इस्त्रीचा शर्ट आणि लेकीच्या पदवीदानाला शिवलेला कोट घालून निघाले. बूट त्यांनी स्वतः पॉलिश केले होते. स्टुडिओत एस्किल खाटेवरून उतरून ह्यूरॉन खुर्चीत बसला होता. भिंतीवर कागद ताणलेला, तळाशी जमिनीची रेषा मारून तयार. त्यानं दोन्ही हात पुढं केले. "मिस्टर मेश्राम, तुमच्या मुलीनं मला हे काम दिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम." गुरुजींनी त्याचे हात हातात घेतले. माणूस मनानं चांगला होता, हे त्यांना लगेच कळलं, आणि त्यामुळे त्यांची पंचाईत आणखीच वाढली.

"इथं," एस्किलनं आपल्या खुर्चीसमोरच्या फरशीकडे हात केला. "देवळात बसता तसे."

गुरुजींनी एकदा प्रणिताकडे पाहिलं. रागानं नव्हे. परीक्षेला बसलेल्या मुलाकडे पाहतात तसं, अजून थोडा वेळ आहे, उत्तर सुचतंय का, असं. प्रणितानं मापाची पट्टी उचलली आणि तिचा स्क्रू घट्ट करू लागली. तो आधीच घट्ट होता.

गुरुजींनी वाकून बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले, कोटाचं बटण सोडलं आणि खाली बसले. मांडी घालताना एक गुडघा कुरकुरला तो खोलीत ऐकू आला. समोर एस्किल खुर्चीत आणि ते फरशीवर. दोघांत बोर्डाएवढं अंतर.

"मस्त," एस्किल म्हणाला. "थोडे सैल बसा. पाठ थोडी सोडा, तुमच्या सवयीप्रमाणं." गुरुजींनी पाठ सोडली नाही. "ठीक आहे," एस्किल म्हणाला, "ताठही छान दिसतं. प्रणिता, माप."

तिनं बापाशेजारी गुडघे टेकले. जमिनीपासून मांडी, जमिनीपासून खांदा, जमिनीपासून डोळा. डोळ्याचं माप घेताना पट्टी त्यांच्या गालाजवळ न्यावी लागली. त्यांनी दाढी केलेल्या साबणाचा वास आला. डोळे सरळ समोर होते, एस्किलच्या गुडघ्यांच्या उंचीला. तिनं आकडे मोठ्यानं वाचले. आवाज नीट आला, इतक्या वर्षांची सवय होती. एस्किलला उभं राहवत नव्हतं तरी तो कागदापाशी उभा राहिला, देखभालीला येणाऱ्या नर्सनं कंबर धरली, आणि त्यानं रेघ ओढली. थरथरणारा हात कागदावर टेकला की स्थिर व्हायचा. त्या तासाभरात तो दहा वर्षांनी लहान झाला होता, हेही खरंच. प्रणिताला दोन्ही दिसत होतं आणि दोन्हींपैकी एकाकडेही नीट बघवत नव्हतं.

झालं तेव्हा तो घामानं भिजला होता. "किती सुंदर बसता तुम्ही," तो म्हणाला. "ह्या देशात असं बसायला कुणालाच येत नाही."

"थँक यू," गुरुजी म्हणाले.

उठताना त्यांचा पाय झोपला होता. प्रणितानं हात पुढं केला, एस्किलनंही केला. गुरुजींनी दोघांचेही हात धरले नाहीत. रिकाम्या ह्यूरॉन खुर्चीचा दांडा धरून ते उठले, बूट घातले, नाड्या नीट बांधल्या आणि एस्किलला जपून राहायला सांगून बाहेर पडले.

परत जाताना गाडी सिग्नलला थांबल्यावर प्रणिता म्हणाली, "बाबा, मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो," गुरुजी म्हणाले. "म्हणायला हवं होतं."

ते तिची समजूत घालतील असं तिला वाटलं होतं. लहानपणापासून ते घालत आले होते. ती रडायला लागली, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तिनं गाडी पुढं घेतली.

"तो माणूस वाईट नाही," गुरुजी समोर बघत म्हणाले. "त्याला माहीतच नव्हतं. त्यानं मला बसवलं नाही, बेटा. तुला माहीत होतं."

त्यानंतर त्यांनी हा विषय कधीच काढला नाही. तिच्यावर रागावलेही नाहीत. रोजचा चहा करत राहिले, तिच्या डब्यात पोळी गुंडाळून देत राहिले, आणि थंडी सरल्यावर म्हणाले की आता नागपूरला जातो, इथं करमत नाही. तिनं थांबवलं नाही. कुठल्या तोंडानं थांबवणार?

एस्किल त्याआधीच गेला होता, झोपेत, समाधानानं. पेपरांनी मोठे मृत्युलेख छापले आणि सगळ्यांनी फोटो छापला तो खुर्चीचा. एडिसनच्या लोकांनी दवाखान्याच्या भिंती पाडून साधा हॉल केला, घडीच्या खुर्च्या मागवल्या. बिनखुर्च्यांचा हॉल कागदावरच राहिला आणि त्याचे कागद, मॉडेल, सगळा स्टुडिओ एका म्युझियमनं घेतला.

पुढच्या वर्षी त्या म्युझियममध्ये एस्किलच्या सगळ्या कामाचं प्रदर्शन भरलं. मांडणी करणारी मुलगी रुही, वेस्ट विंडसरला वाढलेली, आईवडील पुण्याचे. मराठी तिला समजायचं, बोलताना अडखळायची. तिनं प्रणिताला उद्घाटनाआधी बोलावलं. "प्रणिता मावशी, कम सी, इट्स सो ब्युटिफुल. आय ॲक्चुअली क्राइड."

हॉलमध्ये पांढरे चौथरे रांगेनं मांडलेले. प्रत्येक चौथऱ्यावर एक खुर्ची, कंबरेएवढ्या उंचीवर, आणि खाली ‘बसू नये’ अशी पाटी. साठ वर्षांच्या खुर्च्या. आणि शेवटच्या भिंतीवर तो कागद. चित्र खऱ्या मापाचं असल्यामुळे रुहीनं मोठ्या विचारानं ते तसंच लावलं होतं, कागदावरची जमिनीची रेषा खऱ्या जमिनीला टेकवून. सगळ्या खुर्च्यांच्या खाली, फरशीवर, कोट घातलेले गुरुजी ताठ बसले होते. समोर उभं राहिलं की मान खाली घालूनच त्यांच्याकडे पाहावं लागत होतं.

"ही लुक्स सो पीसफुल," रुही म्हणाली. "हिज लास्ट ड्रॉइंग. लेबलवर मॉडेलचं नेम टाकायचं आहे. डू यू नो हू ही वॉज?"

प्रणिता म्हणाली, उद्या सांगते. घरी जाऊन तिनं नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिथं सकाळ होती, गुरुजी अंगणात पेपर वाचत होते. तिनं सगळं सांगितलं. नाव मोठं येईल, बाबा, ईश्वर मेश्राम, हेडमास्तर, नागपूर, असं पूर्ण लिहायला लावते. तिला खरंच वाटत होतं की निदान एवढं तरी आपल्या हातून होईल.

"चित्र चांगलं आलंय का?" गुरुजींनी विचारलं.

"खूप चांगलं आलंय. डोळे तर अगदी तुमचे आहेत."

"कुठं लावलंय?"

ती गप्प राहिली. मास्तरांना गप्प राहिलेली मुलं ओळखता येतात.

"खाली लावलंय ना?"

"हो बाबा."

गुरुजींनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. "नाव नको देऊ," ते म्हणाले.

"बाबा, पण…"

"तिथं बसलोय, ते बसलोय. आता काही करता येत नाही. पण तिथं खाली माझं नाव नको. मी इकडं साऱ्या जिल्ह्याला शिकवलंय." त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "कोणी विचारलं तर तू ओळखत नाहीस म्हण."

सकाळी रुहीचा फोन आला. लेबल दुपारी प्रिंटला जायचं होतं. तिनं पुन्हा विचारलं, आणि प्रणितानं सांगितलं की ह्या माणसाला ती ओळखत नाही.